दरवेळी डावीकडेच: तासगाव तालुक्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीचा वारंवार होणारा न्यूमोनिया

या प्रकरणातली मुलगी म्हणजे कोणी एक खरी व्यक्ती नव्हे. श्वासनलिकेत गाठ असलेली मुले निदानापर्यंत ज्या वाटेने येतात, ती वाट सलग दिसावी म्हणून हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधले आहे. लक्षणे, तपासण्या, औषधांची मात्रा आणि शस्त्रक्रियेचे टप्पे मात्र प्रत्यक्ष उपचारात असतात तसेच ठेवले आहेत.

वीस महिन्यांची फाइल

वय 9 वर्षे, वजन 22.5 किलो. घरची द्राक्षबाग, शेजारी बेदाण्याचे शेड. वीस महिन्यांपूर्वी, म्हणजे सव्वासात वर्षांची असताना, वजन 21 किलो होते. या वयात वर्षाला साधारण दोन ते अडीच किलो वजन वाढायला हवे. हिचे वीस महिन्यांत जेमतेम दीड किलो वाढले. फाइलमधली ही पहिली खूण, पण प्रत्येक दवाखान्यात वजन वेगळ्या कागदावर लिहिले गेल्याने ती कोणाच्या नजरेत आली नाही.

पहिला न्यूमोनिया जुलैत. ताप, खोकला, छातीच्या फोटोत (एक्स-रेत) डावीकडे खाली पांढरा डाग. अमॉक्सिसिलिनने पाच दिवसांत ताप उतरला. साध्या न्यूमोनियातून मूल पूर्ण बरे झाले तर पुन्हा फोटो काढायची गरज नसते, त्यामुळे इथवर काहीच चुकले नव्हते.

दुसरा नोव्हेंबरात, फळछाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू असताना. छातीत सूं-सूं आवाज येत होता. घरच्यांनी फवारणीला आणि शेडमधल्या गंधकाच्या धुरीला दोष दिला, दवाखान्यात ‘बाळदमा’ असे नाव पडले. स्पेसरमधून ब्युडेसोनाइडचा पंप रोज सुरू झाला आणि धाप लागली की सालब्युटामॉलचा. सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे सिरप पाच दिवस दिले. मुलगी सुधारली आणि दम्याचे निदान पक्के झाले.

गंधकाच्या धुराने दमा चाळवतो, हे खरे. पण धुराचा त्रास दोन्ही फुफ्फुसांना होतो, एका बाजूच्या खालच्या कोपऱ्यालाच नव्हे. शिवाय पहिला आजार जुलैतला, आणि जुलैत ना फळछाटणीनंतरची फवारणी असते ना बेदाण्याची धुरी.

तिसरा एप्रिलमध्ये. या वेळी दाखल करावे लागले, शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन दिले. दहाव्या दिवशीच्या फोटोवर ‘नॉर्मल’ असा शेरा. तरी खोकला जाईना म्हणून मान्टू, म्हणजे टीबीसाठीची त्वचेची चाचणी, झाली: 72 तासांनी 6 मिमी. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) 48. आजोबांना पूर्वी टीबी झाला होता, एवढ्या आधारावर टीबीची औषधे सुरू झाली. इथे तीन गोष्टी तपासायच्या राहिल्या. मान्टू 10 मिमीच्या खाली असेल तर, एचआयव्ही नसलेल्या मुलात, ती पॉझिटिव्ह धरत नाहीत. आजोबांचा उपचार मुलीच्या जन्माआधीच संपला होता, त्यामुळे संपर्काचा मुद्दाच उरत नव्हता. आणि जंतू शोधायचा प्रयत्नच झाला नाही. लहान मुलांना बेडका थुंकता येत नाही हे मान्य, पण सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्राव काढता येतो आणि त्यावर सीबीनॅट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी चाचणी) करता येते.

चौथा न्यूमोनिया सप्टेंबरात, टीबीच्या गोळ्या चालू असताना, पुन्हा त्याच जागी. त्याच सुमारास थुंकीत लालसर रंग दिसू लागला. आईचे म्हणणे असे: “गोळ्यांनी लघवीबी लालच होती की, म्हणून थुंकीबी तशीच असंल असं वाटलं.” तिने हे एकदा दवाखान्यात विचारले होते आणि उत्तर मिळाले की रिफाम्पिसिनने तसे होते.

इथे थोडे थांबायला हवे. रिफाम्पिसिनमुळे लघवी, घाम, डोळ्यांतले पाणी, लाळ या सगळ्याला नारिंगी छटा येते, हे बरोबरच. पण ती छटा एकसारखी पसरलेली असते. रक्त रेषेने किंवा ठिपक्यांनी येते, पांढऱ्या गॉजवर घेतले तर कफ एका रंगाचा आणि त्यात लाल धागा वेगळा दिसतो, आणि सुकल्यावर तो धागा तपकिरी होतो. शंका असेल तर आईला गॉजचे चार तुकडे देऊन ‘थुंकी यावर घ्या आणि तसाच तुकडा आणून दाखवा’ एवढे सांगितले तरी भागते. या मुलीच्या गोळ्या नोव्हेंबरात संपल्या, लघवीचा रंग दोन दिवसांत पूर्ववत झाला, थुंकीतल्या लाल रेषा जानेवारीतही चालूच होत्या. तेव्हा घरचे घाबरले आणि मार्चमध्ये मुलीला मिरजेला घेऊन आले.

फोटो एका ओळीत लावल्यावर

वारंवार न्यूमोनियाची रूढ व्याख्या अशी: एका वर्षात दोन किंवा आजवर तीन वेळा न्यूमोनिया, आणि मधल्या काळात फोटो साफ. यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात जास्त वगळला जातो. मूल खेळायला लागले म्हणजे फुफ्फुस साफ झाले, असे गृहीत धरले जाते. दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला की बरे झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, मूल ठणठणीत दिसत असतानाच, एक फोटो काढावा. तो साफ नसेल तर आजार पुन्हा झालेला नाही, पहिलाच अजून गेलेला नाही.

आईवडिलांना सगळ्या फिल्म आणायला सांगितले. मोबाइलवर काढलेले फिल्मचे फोटो चालत नाहीत, त्यांत हृदयामागचा भाग काळपट एकजीव दिसतो. पाच फिल्म निघाल्या. एक पत्र्याच्या छपराखाली ठेवल्याने काळवंडली होती. थर्मल फिल्म उष्णतेने अशाच खराब होतात. उरलेल्या चार तारखेप्रमाणे व्ह्यूबॉक्सवर लावल्या.

सगळ्यांत डाग एकाच जागी: डाव्या फुफ्फुसाचा खालचा लोब, म्हणजे खालचा कप्पा. ‘नॉर्मल’ म्हटलेली फिल्म तर सगळ्यात बोलकी ठरली. समोरून काढलेल्या फोटोत डाव्या खालच्या लोबचा बराच भाग हृदयाच्या सावलीमागे जातो. चांगल्या फिल्ममध्ये त्या सावलीतून डाव्या श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची) रेघ आतपर्यंत, जवळजवळ मणक्याला भिडेपर्यंत, दिसते. या फिल्ममध्ये ती रेघ मध्येच विरली होती. हृदयाच्या डाव्या कडेच्या आत आणखी एक तिरकी कड होती, म्हणजे आकसलेल्या लोबची त्रिकोणी सावली. डाव्या फुफ्फुसाचे मूळ नेहमी उजव्यापेक्षा किंचित वर असते, इथे ते खाली ओढले गेले होते. म्हणजे पाणी किंवा पू साचण्यापेक्षा लोबमधली हवाच निघून गेली होती, आणि हवा जाते तेव्हा बहुतेक वेळा नळी कुठेतरी बंद असते.

जागा वेगवेगळी असती तर शोध वेगळ्या दिशेने गेला असता: प्रतिकारशक्तीचे विकार, श्वासनलिकेत अन्न जाणे, सिस्टिक फायब्रोसिस, हृदयातले छिद्र. जागा एकच असली की आधी त्या जागेची नळी पाहायची. म्हणून इम्युनोग्लोब्युलिनसारख्या महागड्या तपासण्या बाजूला ठेवल्या. रक्ताची साधी तपासणी (हिमोग्लोबिन 10.2) आणि एचआयव्ही चाचणी (निगेटिव्ह) तेवढी केली. जठरातल्या द्रावाची सीबीनॅट दोन सकाळी केली, दोन्ही निगेटिव्ह.

तपासताना ऑक्सिजन 96 टक्के, बोटांची टोके फुगलेली नाहीत. डाव्या पाठीवर खाली हवा कमी जात होती आणि श्वास सोडताना एकाच सुराची शिट्टी ऐकू येत होती. दम्याची शिट्टी अनेक सुरांची, दोन्ही बाजूंना पसरलेली आणि पंपानंतर बदलणारी असते. ही शिट्टी सालब्युटामॉलच्या वाफेनंतर वीस मिनिटांनी जशीच्या तशी होती, जोरात खोकल्यावरही जागा सोडत नव्हती. स्पायरोमेट्रीतही (फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीत) वाफेनंतर काही फरक नाही.

मग प्रेडनिसोलोनने बरे का वाटले? गाठीभोवतीचे अस्तर जंतुसंसर्गात सुजते, स्टेरॉइडने सूज उतरते, नळीत बारीक फट पडते आणि मागे तुंबलेला कफ निघून जातो. अँटिबायोटिकनेही तेच होते. ताप उतरतो, फट पुन्हा बुजते, दोन-चार महिन्यांनी तेच चक्र. वडिलांना हे ठिबकच्या भाषेत लगेच पटले: लॅटरल एका जागी तुंबली की पुढची झाडे सुकतात, तिथे झाडांवर औषध मारून उपयोग नसतो, नळी खोलून बघावी लागते.

शेंगदाणा की गाठ

सांगली-साताऱ्याकडे मुलाची एकच श्वासनलिका बंद असेल तर पहिला संशय शेंगदाण्यावर, मग हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी. हा क्रम बरोबरच आहे, गाठीपेक्षा अडकलेली वस्तू कितीतरी पटींनी जास्त आढळते. मात्र ‘ठसका लागला होता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून वस्तू नाही असे होत नाही. आईचे उत्तर होते, “शेंगा तर रोजच खाती, ठसका कधी लागला ते ध्यानात नाही.” शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. आणि तो महिनोन् महिने आत राहिला तर भोवती मांस वाढते, जे दुर्बिणीतूनही गाठीसारखेच दिसते. टीबीच्या सुजलेल्या गाठी बाहेरून नळी दाबतात किंवा फुटून आत येतात, तो तिसरा संशय.

पुढची तपासणी म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तपुरवठा असलेला भाग उजळवणारे औषध) देऊन छातीचा सीटी स्कॅन केला. मुलांसाठी यंत्राची सेटिंग वजनाप्रमाणे कमी करायला सांगावी लागते आणि एकच फेरी पुरते. आधी साधा मग कॉन्ट्रास्टचा असे दोन स्कॅन घेऊन किरणांचा डोस दुप्पट करण्यात अर्थ नाही. स्कॅनमध्ये डाव्या खालच्या लोबच्या नळीच्या तोंडाशी 14 × 11 मिमीची गुळगुळीत, लांबट गोल गाठ होती, मुख्य डाव्या श्वासनलिकेत थोडी डोकावणारी. गाठ आणि नळीची भिंत यांच्यामध्ये हवेची बारीक कोर शिल्लक होती. कॉन्ट्रास्टने गाठ उजळली. शेंगदाणा उजळत नाही, कारण त्याला रक्तपुरवठा नसतो. गाठीमागच्या नळ्या कायमच्या रुंद होऊन कफाने भरलेल्या, लोब आकसलेला. मध्यभागातल्या लसिका ग्रंथी मोठ्या नव्हत्या.

दुर्बीण

अशा मुलाची दुर्बिणीची तपासणी कुठे करायची, हा निर्णय तपासणीइतकाच मोलाचा आहे. जिथे छातीचा सर्जन नाही, रक्तपेढीत रक्त राखून ठेवलेले नाही आणि मुलांच्या भुलीचा सराव नाही, तिथे गाठीला चिमटा लावू नये. कार्सिनॉइड नावाची गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असते आणि मुलांच्या श्वासनलिकेतल्या प्राथमिक कर्करोगांत तीच सर्वांत जास्त आढळते. शेंगदाण्याभोवतीचे मांस समजून ती ओढली तर काही क्षणांत नळी रक्ताने भरते.

तयारी अशी होती: सहा तास घन अन्न बंद, दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालेल. एक युनिट रक्त जुळवून तयार. 5 क्रमांकाची सरळ धातूची दुर्बीण, कारण तिच्यातून श्वासही देता येतो आणि जाड सक्शनही घालता येते. बर्फात थंड केलेले सलाइन, रक्तवाहिन्या आकसवणारे 1:10,000 अॅड्रेनॅलिन, आणि नळी आतून बंद करण्यासाठी बारीक फुग्याची फोगार्टी नळी. भूलतज्ज्ञाशी आधीच ठरवले होते: रक्तस्राव झाला तर मुलीला डाव्या कुशीवर वळवायचे. रक्त येणारी बाजू खाली राहिली तर चांगले फुफ्फुस रक्ताने भरत नाही. घाईत नेमके उलटे होते, म्हणून हे मोठ्याने बोलून ठेवलेले बरे.

आत गुलाबी, गुळगुळीत, अस्तराने झाकलेली गाठ दिसली. भोवती कुठलीही वस्तू नाही. वरून घेतलेल्या तुकड्यात बरेचदा फक्त अस्तर येते, कारण या गाठी अस्तराखालच्या ग्रंथींतून वाढतात. म्हणून अॅड्रेनॅलिन सोडून, एकाच जागी खोल जात चार तुकडे घेतले. थोडे रक्त आले, थंड सलाइनने थांबले. तीन तुकडे 10 टक्के फॉर्मालिनमध्ये गेले, चौथा साध्या सलाइनमध्ये टीबीच्या सीबीनॅट आणि कल्चरसाठी. सगळे तुकडे एकाच फॉर्मालिनच्या बाटलीत टाकणे ही ऑपरेशन थिएटरमधली नित्याची चूक. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर काहीच सांगू शकत नाही.

तुकड्याचा अहवाल

म्यूकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा, सौम्य प्रतीचा, म्हणजे सावकाश वाढणारा कर्करोग. लाळग्रंथींत होणारीच ही गाठ श्वासनलिकेच्या भिंतीतल्या तशाच ग्रंथींतून कधीकधी उगवते. सूक्ष्मदर्शकाखाली तीन प्रकारच्या पेशी एकत्र होत्या: श्लेष्मा भरलेल्या, त्वचेच्या पेशींसारख्या आणि या दोहोंमधल्या. पेशींचे विभाजन तुरळक, मृत भाग नाही. पेशी ओळखण्यासाठी लावलेल्या रंगांपैकी पी40 पॉझिटिव्ह, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन निगेटिव्ह. शेवटचे दोन पॉझिटिव्ह असते तर ही कार्सिनॉइड ठरली असती. टीबीच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह. एमएएमएल2 या जनुकाची तपासणी निदान पक्के करते. तिच्यासाठी मोठ्या केंद्राकडे केवळ स्लाइड पाठवून भागत नाही, पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला मूळ तुकडा) लागतो. शस्त्रक्रिया त्या अहवालासाठी थांबवली नाही.

‘कार्सिनोमा’ शब्द ऐकून घरात रडारड झाली. त्यांना एकाच बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: हा कर्करोगच आहे. सौम्य प्रतीची गाठ पूर्ण काढली गेली तर बहुतेक मुले पुढे नीट जगतात. आणि गाठ पूर्ण निघाली तर केमो किंवा रेडिएशन लागत नाही. शब्द टाळून ‘साधी गाठ आहे’ म्हटले असते, तर वर्षभराने घरच्यांनी पुढच्या तपासण्या सोडून दिल्या असत्या.

खर्चाचा प्रश्न त्याच दिवशी सोडवायला घेतला. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड, मुलीचे आधार, सीटीचा आणि तुकड्याचा अहवाल त्याच्याकडे दिला की पूर्वमंजुरीचा अर्ज जातो. रेशनकार्डावर मुलीचे नाव चढवलेले नसणे ही इथली नेहमीची अडचण, ती आधीच तपासावी.

शस्त्रक्रिया

दुर्बिणीतून लेझरने गाठ जाळून नळी मोकळी करता येते, आणि घरच्यांना तो मार्ग सोपा वाटणे साहजिक आहे. पण गाठीचे मूळ भिंतीत असते. वरचा भाग गेला तरी ती पुन्हा वाढते. दुसरे टोक म्हणजे अख्खे डावे फुफ्फुस काढणे; वाढत्या वयात त्याने छातीचा पिंजरा आणि पाठीचा कणा वाकडा होतो. मधला मार्ग स्लीव्ह लोबेक्टॉमीचा: खालचा लोब आणि गाठ असलेले नळीचे कडे (गोल भाग) कापायचे, आणि वरच्या लोबची नळी मुख्य नळीला पुन्हा शिवायची. 1947 साली लंडनमध्ये सर क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी ही पद्धत प्रथम वापरली, तीही अशाच सावकाश वाढणाऱ्या गाठीसाठी.

खालचा लोब वाचवता आला नाही. त्यातल्या नळ्या कायमच्या रुंद होऊन पूने भरल्या होत्या. वीस महिन्यांच्या उशिराची किंमत ती हीच.

शस्त्रक्रियेत एकाच फुफ्फुसाला श्वास द्यावा लागतो. एवढ्या मुलीच्या उजव्या नळीत साधी ट्यूब पुढे सरकवली तर उजव्या वरच्या लोबचे तोंड झाकले जाते आणि ऑक्सिजन पडतो. म्हणून मुख्य श्वासनाळेत ट्यूब आणि डाव्या नळीत 5 फ्रेंचचा ब्लॉकर (नळी आतून बंद करणारा फुगा) वापरला. ब्लॉकर गाठीवर घासू नये म्हणून तो दुर्बिणीने पाहत, गाठीच्या अलीकडेच फुगवला. नळीच्या दोन्ही कापलेल्या कडा गोठवून लगेच तपासल्या, त्या गाठमुक्त आल्यावरच शिवण घातली. टाके विरघळणाऱ्या 4-0 धाग्याचे. न विरघळणारा धागा कड्याला मुलीबरोबर वाढू देत नाही. छातीत सलाइन भरून 25 सेंमी पाण्याइतका दाब दिला, बुडबुडे आले नाहीत. पाच लसिका ग्रंथी तपासणीला पाठवल्या, पुढे त्या निरोगी आल्या.

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन 91 पर्यंत उतरला आणि फोटोत डावा वरचा लोब पांढरा. शिवण सुटली की काय, ही पहिली भीती. पण छातीतल्या नळीतून हवा येत नव्हती, ताप नव्हता. वाकणाऱ्या दुर्बिणीतून पाहिले तर शिवणीच्या पलीकडे चिकट कफाचा बोळा होता. कफ वर ढकलणारी पेशींवरची लव शिवणीच्या रेषेवर तुटलेली असते, आणि दुखण्यामुळे मूल खोकत नाही. कफ ओढून काढल्यावर तासाभरात लोब उघडला. त्यानंतर एपिड्यूरलचे (पाठीतल्या बारीक नळीतून दिले जाणारे) वेदनाशामक वाढवले, दर चार तासांनी फिजिओथेरपी, उशी पोटाशी धरून खोकायचे, आणि तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र. छातीतली नळी चौथ्या दिवशी काढली, घरी नवव्या दिवशी.

पुढचा क्रम

तीन महिन्यांनी दुर्बीण: शिवणीजवळ नळी अरुंद झाली आहे का, मांस वाढले आहे का हे पाहायला. इथे थोडे मांस होते, चिमट्याने काढले. पंप हळूहळू कमी करून बंद केला. त्यानंतर छातीत आवाज नाही. आठ महिन्यांत वजन 26 किलो. कमी डोसचा सीटी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षाला एकदा भेट आणि गरजेप्रमाणे फोटो. या गाठी उशिरा, काही वर्षांनीही उलटू शकतात, म्हणून भेटी मुलगी मोठी होईपर्यंत चालू राहतील. न्यूमोकोकसची लस दिली, फ्लूची दरवर्षी पावसाळ्याआधी.

घरच्यांना लेखी दिलेल्या सूचना: थुंकीत रक्त, एका बाजूला शिट्टी, किंवा तीन दिवसांवर ताप आणि खोकला, यातले काहीही झाले तर नवे औषध सुरू करण्याआधी छातीचा फोटो. फाइलमध्ये सगळ्या फिल्म तारखेप्रमाणे, तुकड्याचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची नोंद. फिल्म छपराखाली न ठेवता कपाटात, आणि सीटीची सीडी दोन प्रतींत.